झॉम्बीच्या प्रेमकथेवर इतकी उलटसुलट मतं का? आणि त्यातलं कुणाचं धरायचं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे घोळ नको. निपाणीजवळच्या तुमच्या गावात वाचनालयातर्फे महिन्याला एक सिनेमा दाखवता. पुढच्या खेपेला 'वॉर्म बॉडीज' हा झॉम्बीचा, म्हणजे उठून माणसं खाणाऱ्या प्रेताचा, इंग्रजी सिनेमा लावायचं मनात आहे. पण नेटवर प्रेक्षकांची मतं वाचून तुमचं डोकं गरगरलंय. एक म्हणतो, भयपट म्हणून चक्क फसवणूक. दुसरी म्हणते, इतकी गोड प्रेमकथा बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. तिसऱ्याला मेलेल्या पोरावर प्रेम ही कल्पनाच ओकारी आणणारी वाटते. तर यातलं कुणाचं खरं धरायचं?

मला वाटतं, तुमची खरी अडचण जरा वेगळी आहे. सिनेमा कसा आहे ते तुम्ही स्वतः दीड तास काढून बघू शकता, त्याला नेटवरच्या कुणाची गरज नाही. तुम्हाला अंदाज हवाय तो सतरंजीवर बसणाऱ्या तुमच्या माणसांचा: शेजारच्या काकू, हायस्कूलचे निवृत्त मास्तर, बारावीतली पोरं. ही मंडळी शेवटी काय बोलत चपला शोधतील? आणि हा अंदाज परक्यांच्या मतांवरून बांधता येतो, फक्त ती मतं उलटी वाचावी लागतात. म्हणजे सिनेमाबद्दल काय लिहिलंय ते नंतर, आधी लिहिणारा काय समजून आत शिरला होता ते बघायचं.

माझं सांगायचं तर, कॉलेजात असताना बेळगावातल्या एका थिएटरात दोन वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसलो. पुढे टिळकवाडीत मित्रांबरोबर एक छोटं चित्रपट मंडळ चालवलं, ते बावीस वर्षं झाली तरी रखडत का होईना चालू आहे. खेळ संपला की आम्ही दारात चिठ्ठ्या वाटतो. नाव नको, गुण नको, मनात आलं ते दोन ओळींत लिहा. कुणी मराठीत लिहितं, कुणी कानडीत, आणि बरेच जण दोन्हींची भेळ करून. त्या सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत ठेवल्यात. बायको दर दिवाळीला विचारते, यंदा तरी रद्दीत घालायच्या का.

'वॉर्म बॉडीज' आम्ही दोनदा दाखवलाय. एकदा कॉलेजच्या पोरांना, एकदा मंडळाच्या नेहमीच्या लोकांना. दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या तुमचा प्रश्न वाचून काल रात्री परत काढल्या. त्यातली एक तुम्हाला जशीच्या तशी सांगतो. वहीचा कोपरा फाडून, निळ्या पेनानं, गोल अक्षरात लिहिलंय: "पोरगं चांगलं हाय की. मेलंय एवढंच." खाली अर्धी ओळ खोडलेली. मी अजून ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करतो, लागत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. २०१३ चा सिनेमा, दिग्दर्शक जोनाथन लेव्हिन, आयझॅक मॅरियनच्या कादंबरीवरून. जग झॉम्बींनी भरलंय, उरलेली माणसं मोठ्या भिंतीआड राहतात. एक झॉम्बी पोरगा आहे, त्याला स्वतःच्या नावाचं फक्त 'आर' हे अक्षर आठवतं. विमानतळावरच्या एका बंद विमानात तो राहतो आणि जुन्या तबकड्या वाजवतो. तोंडातून शब्द फुटत नाही, पण मनात मात्र अखंड बडबड चालू, आणि ती आपल्याला ऐकू येते. एका हल्ल्यात तो पेरी नावाच्या मुलाला मारून त्याचा मेंदू खातो. झॉम्बीनं मेंदू खाल्ला की खाल्लेल्याच्या आठवणी त्याच्यात उतरतात. त्या मुलाच्या आठवणींत त्याची मैत्रीण ज्युली असते. आर तिला बाकीच्या झॉम्बींपासून वाचवून विमानात आणतो, आणि हळूहळू त्याचं थांबलेलं काळीज हलायला लागतं. आर आणि ज्युली, रोमिओ आणि ज्युलिएट. सज्जातला प्रसंगसुद्धा आहे. आमच्याकडच्या इंग्रजीच्या एका प्राध्यापिका तिथे इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या रांगेनं वळून बघितलं.

आता मतांकडे येतो. खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचून मला एक गोष्ट आधी पटली नव्हती, ती पटली. मला वाटलं होतं की तरुण पोरांना आवडेल आणि वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. झालं उलटं. नाराजीच्या चिठ्ठ्या जास्त पोरांच्या. "झॉम्बी असा नसतोय", "झॉम्बीला प्रेमबिम काय?", "मारामारी कमी". आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांना पोरगा आवडला. का?

मी याचा बराच विचार केलाय. आपलं भूत आणि त्यांचा झॉम्बी हे एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत. आपल्या भुताला देह नसतो, पण आठवण असते. मुंज झाली, लग्न व्हायच्या आत गेला, तो मुंजा पिंपळावर बसतो, कारण त्याचं काहीतरी राहून गेलंय. बाळंतपणात गेलेली हडळ होते, तिचंही राहून गेलंय. आपल्याकडे भुताला एक तक्रार असते, आणि ती ऐकून घेतली, नारळ दिला, कोंबडं सोडलं की ते बहुतेक वेळा वाटेला लागतं. झॉम्बीला देह आहे, आठवण नाही. त्याला काही सांगायचं नाही, काही मागायचं नाही, फक्त चावायचं आहे. म्हणून कुठलाही साधा झॉम्बीपट दाखवला की आमच्याकडच्या एक आजी ठरलेला प्रश्न विचारत: "पण ह्येला पायजे काय?" आणि मला उत्तर देता यायचं नाही.

'वॉर्म बॉडीज' मध्ये त्या आजींना उत्तर मिळालं. या झॉम्बीला काहीतरी हवंय. त्याला आठवायचंय, कुणाचा तरी हात धरायचाय. म्हणजे परदेशी झॉम्बीच्या अंगात आपला मुंजा शिरलाय असं समजा. शिवाय प्रेत बोलतंय याचंही आपल्या माणसाला नवल वाटत नाही. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत पंचवीस गोष्टी सांगतं, मग हे दीड तास बोललं तर काय बिघडलं! पोरांचं उलट. त्यांनी झॉम्बी व्हिडिओ गेममधून ओळखला होता. तिथला झॉम्बी म्हणजे गोळी घालायचं लक्ष्य, आणि गोळी घालताना मनाला काही वाटू नये म्हणून तर तो आठवण नसलेला. त्याच्या आत कुणीतरी आहे असं सांगणं म्हणजे त्यांच्या खेळाचा नियमच मोडणं.

त्यांचा राग चुकीचा नाही बरं का. झॉम्बीचा हा नियम तसा फार जुनाही नाही. ही कल्पना आली हैती या कॅरिबियन देशातून. तिथे झॉम्बी म्हणजे कुणीतरी जादूनं ताब्यात घेऊन राबवलेलं प्रेत. भीती खाल्ले जाण्याची नव्हती, मेल्यावरही गुलामी सुटणार नाही याची होती. माणसं खाणाऱ्या प्रेतांच्या झुंडी आज आपल्याला माहीत आहेत त्या रूढ झाल्या १९६८ च्या जॉर्ज रोमेरोच्या सिनेमापासून, आणि गंमत म्हणजे त्यात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. पण पन्नास वर्षं रूढ झालेला नियम हा नियमच. तो मोडला तर भयपटाचे भक्त चिडणार. शिवाय अमेरिकेत या सिनेमाला तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना फक्त सावध करणारं सौम्य प्रमाणपत्र आहे, त्यामुळे रक्त बेताचंच. तेव्हा "भीती वाटली नाही" असं एखाद्यानं लिहिलं असेल तर ते खरंच आहे, फक्त तुमच्या कामाचं नाही. तुमच्या काकू घाबरायला येणार नाहीत.

मग कामाची मतं कोणती? एका चिठ्ठीपाशी मी बराच वेळ थांबलो. साधारण चाळिशीतल्या बाईंची असावी, कारण खाली "मी शिक्षिका" असं लिहिलंय. मजकूर असा: "ज्यानं तिच्या मित्राला खाल्लं त्याच्यावर ती प्रेम करते. तिनं माफ केलं की लेखकानं तिच्याकडून माफ करवून घेतलं?" हा या सिनेमावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि नेटवरही तो सापडेल, बहुतेक वेळा "किळसवाणं" या शब्दाच्या आड लपलेला. सिनेमाच्या मध्यावर आर कबूल करतो की पेरीला मीच मारलं. ज्युलीला मनातून अंदाज असतो. रात्री ती गप्प राहते आणि सकाळी निघून जाते. पुढे तो तिच्यासाठी भिंतीआड जातो आणि गोष्ट लवकरच लढाईकडे वळते. म्हणजे माफीचा प्रसंग जेवढा खोल जायला हवा होता तेवढा जात नाही. माझंही मत बाईंसारखंच आहे. सिनेमा मला आवडतो, पण इथे त्यानं अंग चोरलंय.

'शॉन ऑफ द डेड' मध्ये हे होत नाही. तोही विनोदी झॉम्बीपट, २००४ चा, एडगर राइटचा, त्यातही तुटत आलेलं प्रेम सावरायचं आहे. पण त्यातल्या नायकाच्या आईला झॉम्बी चावतो तेव्हा विनोद बाजूला होतो आणि सिनेमा त्या दुःखात पुरता उतरतो, मगच परत हसवतो. तुम्हाला पर्याय हवा असेल तर हा आहे. मात्र त्यात शिव्या भरपूर आणि रक्तही भरपूर. मास्तर आणि बारावीची पोरं एकाच सतरंजीवर असतील तर जरा जपून.

'झोंबिवली' चा विचारही तुमच्या मनात आला असेल. मराठी आहे, २०२२ चा, आदित्य सरपोतदारांचा. भाषेची अडचण नाही, हे मोठं सुख. पण त्यावरची मतं वाचताना एक ध्यानात ठेवा. मुंबई-ठाण्याकडच्या प्रेक्षकाला डोंबिवली म्हटलं की हसू येतं, लोकल, गर्दी, सगळं डोळ्यासमोर येतं. आमच्याकडे ते निम्मं निसटलं. एका पोरानं चिठ्ठीत लिहिलं, "आमच्याकडं झालं असतं तर झोंबेळगाव." हा विनोद सिनेमातल्या कित्येक विनोदांपेक्षा सरस होता. आणि प्रेम हा त्याचा मुख्य धागाही नाही, तेव्हा प्रेमकथेसाठी लावत असाल तर तुमची गाडी भलत्याच फलाटावर लागेल.

गुणांच्या सरासरीबद्दल एवढंच: अर्ध्यांनी नऊ आणि अर्ध्यांनी दोन दिले की सरासरी साडेपाच येते, आणि साडेपाच वाटलेला माणूस त्यात एकही नसतो. भय, विनोद, प्रेम असं मिश्रण असलेल्या सिनेमांत हे नेहमीच घडतं. आकडा बाजूला ठेवा आणि दोन-तीन लांब मतं पूर्ण वाचा. त्यात माणसाचं हसू किंवा लक्ष कुठे तुटलं ते शोधा. "पहिला अर्धा मस्त, नंतर ढिला" असं बरेच जण लिहितात. ते लक्ष देण्यासारखं आहे, कारण शेवटाकडचे हाडांचे सापळे संगणकावर केलेले आहेत आणि ते तसे दिसतात. "प्रेमानं झॉम्बी बरा कसा होतो, शास्त्रीय कारण नाही" असं कुणी लिहिलं तर मात्र मी ते वेगळं वाचतो. ज्याचं मन तोवर गुंतलं असतं तो कारण विचारत नाही. विचारलंय, म्हणजे तो आधीच बाहेर पडला होता. कुठल्या प्रसंगाला, ते त्याच्या लिहिण्यात वर कुठेतरी सापडेल.

आता तुमच्या बाजूचं. कारण सिनेमा तोच राहिला तरी मत कुठे कुठे फिरतं ते आम्ही ठेचा खाऊन शिकलोय.

एक म्हणजे भाषा. या सिनेमाचा निम्मा विनोद असा आहे की आरच्या मनात सफाईदार वाक्यं चालू असतात आणि तोंडातून नुसतं "ऊं" निघतं. मनातलं बोलणं कळलं नाही तर समोर फक्त एक पोरगं डोळे फाडून उभं दिसतं. आपल्या भागातल्या माणसाला मराठी येतं, कानडी येतं, हिंदी येतं, इंग्रजी कामापुरतं येतं. पण धावत्या इंग्रजी ओळी वाचून त्याच क्षणी हसणं हे वेगळं काम आहे. कॉलेजच्या पोरांना ते जमलं. मंडळाच्या खेळाला आम्ही वेगळा प्रयोग केला: सुरुवातीची दहा मिनिटं माझा मित्र कोपऱ्यात माइक घेऊन बसला आणि आरच्या मनातलं मराठीत सांगत गेला. शब्दशः नाही, मोजकं. "ही पण मेली, ती पण मेली, मी पण मेलो, निदान माफी मागावी म्हणतो." दहा मिनिटांत लोकांना त्या पोराचा स्वभाव कळला. मग माइक बंद. पुढे ओळी वाचायला कमी पडलं तरी चेहऱ्यावरून लोक हसत राहिले. एका कानडी चिठ्ठीवर फक्त "छलो ऐती", म्हणजे छान आहे, आणि खाली माइकचं चित्र होतं. मित्रानं ती फ्रेम करून लावली आहे.

दुसरं म्हणजे मध्यंतर, आणि इथे आम्ही सपशेल आपटलो. इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसतं, पण आपल्या माणसाला चहा लागतो. कॉलेजच्या खेळाला आमच्या पोरानं घड्याळ बघून बरोबर मध्यावर थांबवलं, आणि तो क्षण नेमका आरच्या कबुलीच्या तोंडावर आला. लोक बाहेर गेले, चहा, भजी, गप्पा. परत आले आणि दोनच मिनिटांत "मीच त्याला मारलं". हॉलमध्ये हशा पिकला! कारण भज्यानंतर कुणालाही गंभीर व्हायला वेळ लागतो. त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत "किळसवाणं" हा शब्द जास्त आला, यात नवल काय. पुढच्या खेळाला आम्ही कबुली होऊन ज्युली निघून जाते तिथपर्यंत थांबलो. तो एकटा उरतो, तिथे दिवे लावले. बाहेर बायका चहा घेताना "आता काय करंल गं ते?" म्हणत होत्या. सिनेमा तोच, मतं वेगळी.

तिसरं, तुमच्या गावात अलीकडे कुणाच्या घरी काही घडलंय का ते बघा. हे नेटवर कुणी सांगणार नाही. गल्लीत तरुण पोरगा गेला असेल तर त्या महिन्यात हा सिनेमा नको. "मेलेलं पोरगं परत उठतं, काळीज चालू होतं" हे ज्यांच्या घरात नुकतं दुःख झालंय त्यांना विनोदी वाटायचं नाही. आम्ही एकदा या कारणावरून खेळ दोन महिने पुढे ढकलला होता.

आणि हो, वाचनालय म्हणजे सार्वजनिक जागा. तिकीट नसलं तरी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी काढा. कुणाच्या पेन ड्राइव्हवरून लावू नका.

थोडक्यात, तुमच्या जागी मी असतो तर लावला असता. भयपट म्हणून जाहिरात केली नसती. फलकावर "एका मेलेल्या पोराची प्रेमकथा, विनोदी" एवढंच खडूनं लिहिलं असतं. म्हणजे भीती शोधणारी पोरं आधीच सावध होतात आणि काकूंना काय बघायला जातोय ते कळतं. अर्थात तुमच्याकडे फक्त बारावीची पोरं येत असतील, तर उत्तर बदलेल. मग 'शॉन' लावा आणि मास्तरांना त्या दिवशी घरी राहू द्या.

खेळानंतर चिठ्ठ्या वाटणार असाल तर पेनं जास्त ठेवा, आमची दर वेळी चार तरी परत येत नाहीत. आणि त्या शिक्षिकाबाईंसारखी माफीबद्दलची एखादी चिठ्ठी आली, तर तिथे काय लिहिलंय ते मला जरूर कळवा. पंधरा मिनिटं जास्त मिळाली असती तर तो प्रसंग कसा लिहिता आला असता, यावर आमच्या मंडळात अजून भांडण मिटलेलं नाही.